एएनए, सीआरपी, आरए फॅक्टर, डेंगू आयजीएम: लॅबच्या काऊंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. नागपूरचे तर येतातच, पण काटोल, सावनेर, रामटेकहून अन् पार छिंदवाडा-बालाघाटहूनही पेशंट येतात आणि रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरकडे जायच्या आधी पहिला प्रश्न आम्हालाच विचारतात. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाचं लिहून काढलं. औषध कोणतं घ्यायचं ते इथे मिळणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

या सगळ्या टेस्टमध्ये रक्तात नेमकं काय शोधता तुम्ही?

बहुतेक वेळा आजार सापडत नाही, शरीराने त्यावर काय केलं ते सापडते. जंतू आत शिरला की आपलं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते, लिव्हर काही प्रोटीन सोडते (सीआरपी त्यातलंच), पांढऱ्या पेशी निरोपाची रसायनं सोडतात, आणि आम्ही हे मोजतो. कधी कधी शरीर चुकून स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवते, त्याला ऑटोअँटीबॉडी म्हणतात, एएनए अन् अँटी-सीसीपी त्यातल्याच. डेंगूचं एनएस१ मात्र वेगळं आहे, ते व्हायरसचंच प्रोटीन आहे, म्हणून ते सापडलं तर व्हायरस आत आहे असं सरळ म्हणता येते. बाकीच्या बहुतेक टेस्टमध्ये अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधायला पेशंट समोर बसलेला लागतो, नुसता कागद पुरत नाही.

सीआरपी वाढला आहे. इन्फेक्शन पक्कं का?

पक्कं नाही. शरीरात कुठेतरी दाह चालू आहे एवढंच पक्कं. न्यूमोनिया असो, संधिवात असो, ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले असोत की गाडीवरून पडून मार लागला असो, सीआरपी वाढतोच. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे प्रोटीन पहिल्यांदा सापडलं, म्हणून लोकांच्या डोक्यात सीआरपी म्हणजे इन्फेक्शन असं बसलंय.

एक गोष्ट आधी पहा, युनिट. कोणी मिलिग्राम पर लिटर लिहिते, कोणी मिलिग्राम पर डेसिलिटर. एका लॅबचा ६ आणि दुसऱ्या लॅबचा ६० हा एकच आकडा असू शकतो, अन् लोक इकडे "एका रात्रीत दहापट वाढला हो मॅडम" म्हणून घाबरून फोन करून राहिले असतात. शक्यतो एकाच लॅबमधून करा.

सीआरपी लवकर वाढते आणि कारण गेलं की लवकर उतरते, रक्तातला अर्धा साधारण १९ तासांत संपते. ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी किती वेगाने खाली बसतात तो आकडा, मात्र हळू चढते अन् उतरायला आठवडे घेते, त्यामुळे ताप जाऊनही ईएसआर जास्तच दिसते आणि घरचे लोक चिंतेत. ईएसआर रक्त कमी असलं तरी वाढते, वय वाढलं तरी वाढते, गरोदरपणात तर वाढतेच. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन किती राहते ते सगळ्यांना माहीत आहे, मग प्रत्येकीचा ईएसआर पाहून घाबरायचं का?

आणि उलटी बाजू, जी विदर्भात महत्त्वाची आहे: सिकलसेल, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या पेशी एकमेकींवर नीट चळत लावून बसत नाहीत म्हणून त्या नळीत लवकर खाली येत नाहीत, ईएसआर कमीच दिसते, आत दाह असला तरी. घरात सिकलसेल असेल तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, फॉर्मवर लिहायला जागा नसली तरी तोंडाने सांगा.

डेंगूची टेस्ट निगेटिव आली, तरी ताप आहे. टेस्ट चुकली का?

पहिला प्रश्न आमचा, तापाचा कितवा दिवस? एनएस१ पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत चांगलं सापडते. आयजीएम अँटीबॉडी चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसायला लागते. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर निगेटिव येणारच, आणि आठव्या दिवशी नुसतं एनएस१ केलं तरी निगेटिव येऊ शकते. ज्याला आधी एकदा डेंगू होऊन गेलाय त्याचं तर एनएस१ लवकर नाहीसं होते अन् आयजीएम पण कमजोर येते, आयजीजी, म्हणजे जुन्या ओळखीची अँटीबॉडी, मात्र झपकन वाढते. म्हणून तापाची तारीख बरोबर सांगा, "झाले असतील तीन-चार दिवस" असं चालत नाही.

दुसरं म्हणजे कार्ड आणि एलायझा. पंधरा-वीस मिनिटांत रिपोर्ट देते ते कार्ड. एलायझा म्हणजे लॅबमध्ये प्लेटवर लावायची, वेळ घेणारी टेस्ट. सरकारी कार्यक्रमात कार्डवरचा डेंगू पक्का धरत नाहीत, एलायझावर आलेलं एनएस१ किंवा आयजीएम धरतात. आयजीएमच्या एलायझाचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतात आणि देशभर जातात.

डेंगू नसला तर काय? इथे लोक विडाल करून घेतात आणि "टायफाईड निघाला" म्हणून मोकळे होतात. विडाल ही टायफाईडच्या अँटीबॉडी शोधणारी १८९६ ची टेस्ट आहे. ज्या भागात टायफाईड नेहमीचा आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही त्याच्या थोड्याफार अँटीबॉडी राहतात, दुसऱ्या तापातही त्या वाढू शकतात, त्यामुळे एकदाच केलेल्या विडालवर टायफाईड ठरवणं मला तरी पटत नाही. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं, केलेलं बरं. पण कल्चरला दिवस लागतात अन् लोकांना संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे असते आजाराचं, तिथेच अडते सगळं.

आणि पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस विसरू नका. २०१८ मध्ये नागपूर भागात याने माणसं गेली आहेत. गवता-झुडपातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावतात, त्यातून होते. चावल्या जागी काळी खपली धरते, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, जिथे माणूस स्वतः पाहत नाही. त्याची आयजीएम एलायझा असते, पण तीही पहिल्या दिवसांत निगेटिव येऊ शकते, म्हणून डॉक्टर खपली पाहून, शेतात किंवा झुडपात गेले होते का ते विचारून, रिपोर्ट यायच्या आधीच गोळ्या सुरू करतात. ते बरोबरच आहे.

चिकनगुनिया होऊन काही महिने झाले, बोटं सुजतात, अन् आता आरए फॅक्टर पॉझिटिव. संधिवात लागला का?

२०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियाने नागपूर हलवून टाकलं, त्यानंतर हा प्रश्न इतका आला की विचारू नका. नीट सांगते.

चिकनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात, काहींचे तर वर्षाच्या वर. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, मनगट सुजते, हुबेहूब आमवातासारखं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, लोक ज्याला संधिवात म्हणतात) दिसते. त्यात आरए फॅक्टर ही आजाराला फार इमानदार अशी टेस्ट नाही. ही एक अँटीबॉडी आहे जी आपल्याच दुसऱ्या अँटीबॉडीला जाऊन चिकटते, आणि ती व्हायरल इन्फेक्शननंतर, टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये, हृदयाच्या झडपेच्या इन्फेक्शनमध्ये, आणि काहीच नसलेल्या म्हाताऱ्या माणसातही पॉझिटिव येते. उलट खरोखर आमवात असलेल्या बऱ्याच लोकांत ती निगेटिव राहते. म्हणजे पॉझिटिव आली म्हणून आहे असं नाही, निगेटिव आली म्हणून नाही असं पण नाही. मग करायची कशाला? कारण सुजलेले सांधे, किती आठवड्यांपासून सुजलेत, सीआरपी किती, याच्या जोडीला ठेवली की उपयोगी पडते. आकडाही पहायचा असतो. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर त्याला जास्त वजन देतात, काठावरचा असेल तर कमी.

अशा वेळी अँटी-सीसीपी कामाला येते. ती आमवातासाठी जास्त नेमकी आहे, आमवात नसलेल्या साधारण ९५ टक्के लोकांत ती निगेटिवच राहते. चिकनगुनियानंतरच्या सांधेदुखीत ती बहुतेक निगेटिव येते. सुजलेल्या सांध्यांसोबत अँटी-सीसीपी चांगली वाढलेली असेल तर मात्र रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरकडे, जायला उशीर करू नका, "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणत बसाल तर सांधे वाकडे होतील, ते परत सरळ होत नाहीत. अन् कोणाच्या तरी सांगण्यावरून बिनालेबलच्या पुड्या घेऊ नका बाप्पा. त्यात स्टिरॉइड निघतात, दोन दिवसांत बरं वाटते, सीआरपी पण उतरते, आणि खरा आजार झाकला जाते.

एएनए पॉझिटिव आला. गुगलवर ल्युपस दाखवून राहिलं. आता?

आता आधी मोबाईल बाजूला ठेवा. ल्युपस म्हणजे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार.

एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी. स्लाईडवर हेप-२ नावाच्या पेशी असतात, त्यावर तुमचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरलेलं पाणी, टाकायचं, मग चमकणारा रंग लावून अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली पाहायचं. हिरवं चमकलं तर पॉझिटिव. मग सिरम पातळ करत जायचं, ४० पट, ८० पट, १६० पट, ३२० पट, आणि कुठपर्यंत चमक टिकते ते लिहायचं. सावजीच्या रश्श्यात पाणी ओतत गेलात अन् तरी नाकातून पाणी येऊनच राहिलं तर मसाला किती असेल, तसंच हे. १:८० आणि १:१२८० हे दोन्ही रिपोर्टवर "पॉझिटिव" असतात पण दोघांत जमीन-अस्मानचा फरक आहे.

१९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून निरोगी लोकांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला जवळजवळ ३२ टक्के निरोगी लोक पॉझिटिव निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के, १:३२० ला ३ टक्के. काहीही न झालेले लोक! थायरॉइड असलेल्या बायकांत एएनए पॉझिटिव येणं तर अगदी नेहमीचं. टीबीची आयसोनियाझिड आणि बीपीची हायड्रालॅझिन, या गोळ्यांनीही येऊ शकते. म्हणून नुसता थकवा येते, केस गळतात एवढ्यावरून एएनए करू नये असं मला वाटते, कारण पॉझिटिव आला की सहा महिने झोप उडते आणि हाती काही लागत नाही.

पण ज्याला खरंच सांधे सुजणं, उन्हात चेहऱ्यावर चट्टे, तोंडात वारंवार फोड, लघवीतून प्रोटीन जाणं, असं काही आहे त्याच्यासाठी ही टेस्ट फार मोलाची. ल्युपस ठरवायचे २०१९ चे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात पहिली अटच ही की एएनए कधीतरी एकदा १:८० किंवा त्यावर आलेला असावा. मग पुढे अँटी-डीएसडीएनए अन् अँटी-स्मिथ या आणखी नेमक्या ऑटोअँटीबॉडी, सी३ अन् सी४ ही कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन, लघवी. रिपोर्टवर पॅटर्न पण लिहिलेला असतो, होमोजिनस, स्पेकल्ड, सेंट्रोमिअर वगैरे. सेंट्रोमिअर आला तर डॉक्टर हाताच्या कातडीकडे अन् थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का इकडे बघतील. डेन्स फाइन स्पेकल्ड असा आला तर तो बरेचदा निरोगी माणसाचाच निघते.

याची सुरुवात १९४८ ची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नव्हे, ल्युपसच्या पेशंटच्या बोनमॅरोत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली पेशी दिसली, तिला एलई सेल नाव पडलं. जुने डॉक्टर अजूनही बोलता बोलता "एलई करा" म्हणतात.

पण अँटीबॉडी आज आहे म्हणजे पुढे कधीतरी आजार होणारच ना?

अमेरिकेच्या सैन्यात सैनिकांचं सिरम वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. त्यातल्या ज्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला त्यांचं जुनं सिरम काढून तपासलं, तर ८८ टक्के लोकांत निदानाच्या आधीच कोणती ना कोणती ऑटोअँटीबॉडी होती, काहींत तर नऊ वर्षं आधीपासून. हे २००३ मध्ये छापून आलं. हे वाचून लोक घाबरतात, पण हिशोब उलटा करून पहा: आजारी झालेल्यांच्यात आधी अँटीबॉडी होती, म्हणून अँटीबॉडी असलेले सगळे आजारी होतात असं निघत नाही. वर सांगितलेले निरोगी १३ टक्के आठवा. त्रास काही नसेल तर डॉक्टर लघवी, बीपी, सीबीसी मधूनमधून पाहतात, बस.

एका लॅबमध्ये एएनए पॉझिटिव, दुसरीकडे निगेटिव. कोण खोटं बोलून राहिलं?

कोणीच नाही. एकाने मायक्रोस्कोपवर पाहिलं असेल, दुसऱ्याने एलायझावर केलं असेल. पद्धत रिपोर्टवर छापलेली असते, आयएफ किंवा आयएफए लिहिलं असेल तर मायक्रोस्कोप. डॉक्टरांना बहुतेक वेळा आयएफवालाच पाहिजे असते. आणि एएनए दर महिन्याला करायची गरज नाही, आजार कमी-जास्त होते तसा तो हलत नाही. त्यासाठी डीएसडीएनए अन् सी३-सी४ असतात. पैसे वाचवा.

एचएलए-बी२७ पॉझिटिव म्हणजे पाठीचा कणा बांबूसारखा होणार का?

नाही होणार, बहुतेकांचा नाही होत. ही अँटीबॉडी नाही, जन्मापासूनची खूण आहे, आयुष्यात एकदाच करायची. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसशी, म्हणजे पाठीचा कणा आखडत जाण्याच्या आजाराशी, तिचं नातं १९७३ मध्ये कळलं. तो आजार असलेल्यांपैकी खूप लोकांत ती सापडते, पण ती असलेल्या शंभरातल्या मोजक्याच लोकांना तो होतो. पंचेचाळीसच्या आत सुरू झालेली पाठदुखी, सकाळी अर्ध्या तासावर आखडणं, चालल्याफिरल्यावर बरं वाटणं अन् आराम केल्यावर वाढणं, असं असेल तर टेस्टला अर्थ आहे.

टीबीची रक्ताची टेस्ट करून द्या ना.

टीबीच्या अँटीबॉडीची, म्हणजे आयजीजी-आयजीएमवाली टेस्ट भारतात जून २०१२ पासून बंद आहे. विकणं, वापरणं, आयात, सगळ्यावर बंदी. कारण ती दोन्ही बाजूंनी चुकायची, नसलेल्यांना टीबी दाखवायची अन् असलेल्यांना सोडून द्यायची. अजून कोणी करून देत असेल तर तिथून निघा.

लोक ज्याला "टीबी गोल्ड" म्हणतात ती वेगळी. त्यात रक्त टीबीच्या प्रोटीनसोबत रात्रभर ठेवतात आणि पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा किती सोडला ते मोजतात. पॉझिटिव म्हणजे तुमच्या पेशींची टीबीशी ओळख झालेली आहे. आता चालू आजार आहे की आत झोपलेला आहे हे ती सांगत नाही, आणि आपल्या देशात झोपलेला टीबी असलेले लोक भरपूर. संधिवाताची भारी इंजेक्शनं सुरू करायच्या आधी डॉक्टर ही मागतात, ते योग्य. खोकला असेल तर थुंकीच तपासा, थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट टेस्ट सरकारीत फुकट होते.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव आलंय!

कोणतं? एचबीएसएजी पॉझिटिव म्हणजे व्हायरस आहे, डॉक्टरकडे जा. अँटी-एचबीएस १० किंवा जास्त म्हणजे संरक्षण आहे, लस लागली, चांगली गोष्ट. नाव सारखं आहे म्हणून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

गव्हाचा त्रास आहे वाटते, पोळी बंद करून टेस्ट करू का?

नका! सीलिअॅकची, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची, टीटीजी-आयजीए अँटीबॉडी टेस्ट करायची असेल तर पोळी खात रहा. गहू काही आठवडे बंद केला की अँटीबॉडी उतरत जाते आणि टेस्ट खोटी निगेटिव येऊ शकते. सोबत टोटल आयजीए पण करा, कारण काही लोकांत आयजीएच बनत नाही, मग टीटीजी काय दाखवणार.

आणि ते दीडशे-दोनशे पदार्थांचं फूड इनटॉलरन्स पॅकेज, आयजीजीवालं, त्यावर माझं स्पष्ट मत आहे, करू नका. एखाद्या पदार्थाची आयजीजी असणं म्हणजे तुम्ही तो खाता, एवढंच. युरोप-अमेरिकेतल्या अॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट यासाठी वापरू नका असं लिहून सांगितलंय. ती यादी घेऊन लोक दूध, तूर डाळ, संत्रं सगळं सोडतात. नागपुरात राहून संत्रं सोडायचं, ते पण त्या कागदासाठी? खरी अॅलर्जी आयजीई सांगते, अन् टोटल आयजीई पोटात जंत असले तरी वाढते.

उपाशी यावं लागते का?

यातल्या बहुतेक टेस्टला नाही. सोबत शुगर-लिपिड असेल तर विचारून या. पण केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, बऱ्याच मशीनमध्ये बायोटिनचीच रचना वापरलेली असते आणि थायरॉइडसारखे आकडे उगाच खाली-वर दिसतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने यावर इशारा काढला होता. स्टिरॉइड चालू असतील तर तेही सांगा.

मे महिन्यात घरून सॅम्पल नेलं तर खराब होते का?

४५ डिग्रीत डिक्कीत ठेवून फिरवलं तर काय होईल! अँटीबॉडी तशा दणकट असतात, तेवढ्याने एएनए बिघडत नाही. सी३-सी४ मात्र नाजूक, सिरम लवकर वेगळं करून थंड ठेवावं लागते. क्रायोग्लोब्युलिन, म्हणजे थंडीत साकळणारी प्रोटीन, तर उलटं, ते रक्त अंगाएवढ्या गरम तापमानात ठेवावं लागते, म्हणून त्यासाठी लॅबमध्येच या. घरी येणाऱ्या पोराकडे आइस पॅकची पेटी आहे का पहा, नसेल तर सॅम्पल देऊ नका.

सून गरोदर आहे, एएनए पॉझिटिव, बाळाला काही होईल का?

नुसत्या एएनएने होत नाही. पण अँटी-रो, म्हणजे एसएसए, ही ऑटोअँटीबॉडी पॉझिटिव आहे का ते डॉक्टर पाहतील, कारण ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि अशा साधारण शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके अडतात. माहीत असलं की सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते. वारंवार गर्भपात होत असतील तर अँटीफॉस्फोलिपिडच्या टेस्ट सांगतात, त्या पॉझिटिव आल्या तर बारा आठवड्यांनी परत करायच्या, कारण इन्फेक्शननंतर त्या तात्पुरत्या पण येतात. आणि हो, याच अँटीबॉडीमुळे व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट, खोटी पॉझिटिव येऊ शकते. सुनेवर संशय घ्यायच्या आधी पक्की टेस्ट करून घ्या.

कोणती लॅब चांगली?

नाव सांगणार नाही, मी पण एका लॅबचीच आहे. रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाचं, चिन्ह आहे का आणि तुमची टेस्ट त्याच्या यादीत आहे का विचारा, चिन्ह असलं म्हणजे सगळ्याच टेस्ट त्यात असतात असं नाही. पैशांची अडचण असेल तर नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, आहेतच, रांग लागते पण होते.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तुम्हीच सांगून द्या ना काय झालं ते?

आकडा विचित्र वाटला, आधीच्या रिपोर्टशी जुळत नाही वाटलं, तर नक्की फोन करा, सॅम्पल काही दिवस ठेवलेलं असते, परत लावून पाहता येते. डॉक्टरकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू गोळ्यांची पानं न्या, आणि सांधे सुजतात त्या वेळचे किंवा चट्टे उठतात त्या वेळचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण नंबर लागेपर्यंत सूज हमखास उतरलेली असते.